पाचोरा–जामनेर गाडीच्या काठी गाव वसवणाऱ्या आक्कांस

तीर्थस्वरूप आक्का,
साष्टांग नमस्कार.

पत्र तुमच्या हातात न देता असं चारचौघांत लिहितोय, त्याला कारण आहे. मी घरी मांडलेल्या छोट्या मॉडेल रेल्वेचे फोटो हल्ली बरेच जण बघतात. विचारतात मात्र गाडीबद्दल कमी आणि धाब्याच्या घरांबद्दल जास्त. ही घरं कुठून मागवली, किट कोणत्या कंपनीचं, केळीची झाडं तयार मिळतात का? मी सांगतो, आमच्या गल्लीतल्या आक्का रुखवत करतात, हे त्यांचं काम आहे. लोकांना ती थट्टा वाटते. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, म्हणजे श्रेय ज्याचं त्याला मिळेल. नात वाचून दाखवेलच. तिला म्हणावं, आकडे आले की घाई करू नको. बाकीचं ऐकलं नाही तरी चालेल, आकडे तुम्ही नीट ऐकता.

इतरांसाठी आधी थोडं गाडीचं. जळगाव जिल्ह्यातली पाचोरा ते जामनेर ही 56 किलोमीटरची नॅरोगेज, आमच्याकडे नुसती 'पीजे'. दोन रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. 2020 च्या टाळेबंदीत थांबली, ती पुन्हा सुटलीच नाही. माझं मॉडेल एचओ मापात आहे, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शात. 762 ला 87 ने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि बाजारात 9 मिलिमीटरचे रूळ सहज मिळतात. पाव मिलिमीटर कुणाच्या डोळ्यांना दिसतो? भुसावळची मेन लाइन करू पाहणाऱ्याला हे सुख नाही. ब्रॉडगेजचे 1676 मिलिमीटर या मापात सव्वाएकोणीस होतात आणि दुकानात मिळतो तो साडेसोळाचा रूळ, जो मुळात 1435 मिलिमीटरच्या परदेशी गेजसाठी आहे. म्हणून आपली मोठी इंजिनं त्या रुळांवर सडपातळ पायांची दिसतात. पीजेला तो त्रास नाही. गरीब गाडी, पण मापात चोख.

रूळ, वायरी, कंट्रोलर हे माझं मी केलं होतं. बाजूला उभी होती किटची, म्हणजे विकतचे तयार भाग जोडून केलेली घरं. उतरती छपरं, धुराडी, खिडकीत फुलांच्या कुंड्या. जर्मनीतल्या बर्फासाठी ती छपरं बरोबर आहेत. पाचोऱ्याच्या उन्हात बर्फ कुठला पडायला? तुम्ही कुणाच्या तरी रुखवतासाठी उरलेला थर्माकोल मागायला आलात, कमरेवर हात ठेवून सगळं पाहिलंत आणि एका घरावर बोट ठेवून आपल्या अहिराणीत म्हणालात, "हाई घर शे का खोकं?" हे घर आहे की खोकं? मग पुढचा प्रश्न आला, जो मी आता प्रत्येक घर करताना स्वतःला विचारतो: "आठे कोन ऱ्हास?" इथे कोण राहतं?

मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही मात्र बसल्याबसल्या पाच घरांची माणसं ठरवून टाकलीत. हे कपाशीवाल्याचं, याच्या दारात बैलगाडी हवी. हे एकट्या म्हातारीचं, हिच्या भिंतीला पोपडे आलेले असणार, सारवायला कुणी नाही. या घरी लेक बाळंतपणाला आली आहे, इथे दोरीवर दुपटी वाळतील. त्या दुपट्यांसाठी तुम्ही जुन्या धोतराचा काठ फाडला. आज फोटो पाहणारे सगळ्यात आधी थांबतात ते त्या दोरीपाशी.

माप तुम्हाला समजावायला मी घाबरत होतो, एकास सत्त्याऐंशी कसं सांगू म्हणून. पण या मापाची एक सोपी खूण आहे: फुटाला साडेतीन मिलिमीटर. तेवढं सांगितलं आणि माझा कॅल्क्युलेटर बंदच पडला. नऊ फुटांची भिंत? साडेएकतीस. सहा फुटांची खाट? एकवीस. साडेपाच फुटांचा गडी? सव्वाएकोणीस. सगळी उत्तरं तोंडपाठ, कारण तुमचा संसारच फुटांत आणि बोटांत मोजलेला. मला मिलिमीटर कळत होते, पण घर किती फुटांचं असतं ते कळत नव्हतं.

खरा फरक भिंतीच्या जाडीने पडला. किटची भिंत जेमतेम दीड मिलिमीटरची असते. तुम्ही विचारलंत, "भित कितली जाड शे?" आणि लगेच, मग कोनाडा कुठे काढशील, दिवा कुठे ठेवशील? मातीची भिंत दोन फुटांची, म्हणजे सात मिलिमीटर. लग्नपत्रिकांचा जाड कागद आत, बाहेरून थर्माकोलची पट्टी, वर चाळलेल्या मातीचा हात. एवढ्या जाड भिंतीत दार-खिडकी खोल जाते आणि त्या खोलीत सावली पडते. नुसत्या सावलीने घर जड दिसायला लागलं. कोपरे मी पट्टी लावून काटकोनात कापले होते, ते तुम्ही ओल्या बोटाने गोल केलेत, कारण हाताने लिंपलेल्या भिंतीला धारदार कोपरा कुठून येणार?

धाब्याचं छप्पर तर पूर्ण तुमचं. आडवी लाकडं, त्यावर काड्या आणि पाला, त्यावर माती, सगळ्यात वर खारी. पांढरट, खारट माती, जी पाणी खाली उतरू देत नाही. दर पावसाळ्याआधी वर नवी खारी पडते, म्हणून जुन्या घराचं धाबं जाड होत जातं आणि कडेला फुगतं. तुमच्या सांगण्यावरून म्हातारीचं धाबं मी पाच मिलिमीटरचं केलं आणि कपाशीवाल्याच्या नव्या घराचं साडेतीनचं. कुणी मोजत नाही. पण बघणाऱ्याला म्हातारीचं घर जुनं वाटतं आणि का वाटतं ते सांगता येत नाही. पन्हळीकडे छपराला किंचित उतार ठेवायचा आणि पन्हळीखालच्या भिंतीवर ओघळाचा डाग सोडायचा, हेही तुमचंच. तो डाग चहाच्या पाण्याचा आहे.

आता मातीबद्दल, कारण हे मी कुठल्याच व्हिडिओत पाहिलं नव्हतं. उन्हाळ्यातली आपली काळी जमीन भेगाळते. मी त्या भेगा सुईने कोरत बसलो होतो आणि त्या नकाशातल्या रस्त्यांसारख्या दिसत होत्या. तुम्ही म्हणालात, माती स्वतःच फाटते, तू कशाला फाडतोस? भिंत लिंपताना जाड थर दिला की रुंद भेगा पडतात, पातळ दिला की बारीक, हे तुमच्या हातांना आयुष्यभर माहीत. शेतातली खरी काळी माती वाळवली, कुटली, रव्याच्या चाळणीतून आणि मग मलमलीतून काढली, पाण्यात कालवून थर्माकोलवर पातळ थर दिला आणि गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात ठेवला. संध्याकाळी अख्खं शेत भेगाळलेलं, आणि भेगा अगदी मापात. वाळल्यावर फेव्हिकॉलचं पातळ पाणी फवारून ते पक्कं केलं. त्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकले, नाहीतर कोरड्या मातीवर पाण्याच्या गोळ्या होऊन घरंगळतात. रुळांमधली खडी अशीच बसवली, तुमच्या नातीच्या औषधाच्या ड्रॉपरने. तेवढी एकच गोष्ट मी तुम्हाला शिकवली: माती वापरण्याआधी तिच्यावरून चुंबक फिरवायचा. लोखंडाचे कण राहिले तर ते इंजिनाच्या मोटरला जाऊन चिकटतात. तुम्ही चुंबकाला लागलेली काळी भुकटी बघत राहिलात, आपल्या शेतात लोखंड म्हणून.

खरी माती वापरली तरी रंग मात्र खरा दिसेना. एवढ्याशा आकारात गडद रंग आणखी गडद भासतो. कुठलाही जुना मॉडेलवाला सांगेल, रंगात पांढरा मिसळ. तुम्ही पांढऱ्या रंगाऐवजी चुलीतली राख मिसळलीत. माझ्या मते ती जास्त चांगली, कारण राखेत करडेपणा आहे, खडूसारखा फिक्कटपणा नाही.

मागचे डोंगर अजिंठ्याच्या रांगेचे. शेंदुर्णीकडे जाताना दक्षिणेला दिसतात तसे, माथ्याला सपाट आणि अंगाला पायऱ्या. दख्खनच्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालेले. त्यासाठी थर्माकोलच्या चादरी एकावर एक ठेवल्या आणि कडा तशाच उघड्या सोडल्या. निसर्गाने जसं केलं तसंच, फक्त वेळ कमी लागला. एक सूचना वाचणाऱ्यांना: थर्माकोलवर स्प्रेचा डबा मारू नका, त्यातल्या द्रावणाने तो विरघळतो. पाण्यात कालवायचे रंगच वापरा.

झाडांसाठी परदेशी तारा आणि स्पंज मिळतात. तुम्ही वाळलेल्या पऱ्हाट्यांचे शेंडे खुडून आणलेत. कपाशीच्या त्या टोकांना फांद्यांची जी वाटणी असते ती तारेला पिळून आणता येत नाही. त्यावर घोसाळ्याच्या जाळीचे तुकडे आणि हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा लावला की कडुनिंब झाला. बाभळीखालची बाजू तुम्ही कात्रीने सपाट कापलीत, कारण शेळी मागच्या पायांवर उभी राहून तोंड पोचतं तिथपर्यंत पाला ठेवत नाही. मी पीजेने इतके वेळा गेलोय, बाभळी खिडकीतून किती पाहिल्या असतील, पण हे कधी टिपलं नव्हतं.

आणि केळी. पाच फुटांवर पाच फूट अशी लागण, म्हणजे साडेसतरा मिलिमीटरवर एक रोप, रांगा दोरीत. पानं कागदाची, मध्ये बारीक तार. मी अख्खी, गुळगुळीत पानं कापून पंधरा-वीस झाडं लावून दाखवली तेव्हा तुम्ही हसलात. "तुन्या केळीस्ले वारा नही लागस का?" मग प्रत्येक पानाला कात्रीच्या टोकाने शिरेपर्यंत चिरा दिल्या. खालची दोन-दोन पानं पिवळी करून वाकवली. रांगेत काळा दोरा ओढला, तो ठिबकचा पाइप. रावेर-सावद्याकडच्या एका ओळखीच्या बागायतदाराने फोटो पाहून विचारलं, घड कधी कापणार?

पत्र्याच्या छपराचं फार सांगण्यासारखं नाही. स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल पाच मिलिमीटरच्या बोल्टच्या आट्यांवर दाबली की नालीदार पत्रा होतो, आणि आट्यांचं अंतर खऱ्या पत्र्याच्या मापाला जवळजवळ जुळतं. स्टेशनची पिवळी पाटी छापून घेतली. खाट मात्र तुम्ही विणलीत, एकवीस मिलिमीटरची, शिवणाच्या दोऱ्याने, चष्मा कपाळावर ठेवून. चष्मा डोळ्यांवर का नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

आपले खटकेही उडाले, तेही लिहायला हवेत, नाहीतर लोक म्हणतील पत्र गुळात बुडवलंय. तुम्हाला देवळाच्या कळसाला सोनेरी टिकली हवी होती आणि विहिरीला जरीचा काठ. रुखवतात ते शोभतं, कारण तिथे वस्तू मांडवातल्या दिव्यांत दुरून दिसायला हवी. इथे एकही चकाकणारी गोष्ट असली की डोळा तिथेच अडकतो आणि बाकीचं गाव दिसेनासं होतं. या बाबतीत मी हट्ट धरला आणि अजूनही धरतो. टिकलीवर मातीच्या पाण्याचा हात फिरवून तडजोड झाली. तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत, तिसऱ्या दिवशी केळीला आणखी चिरा द्यायला आलात. स्टेशनापासून गावात येणारी पायवाट मी रस्त्याच्या कडेने काढली होती, ती तुम्ही पुसून शेतातून तिरकी काढलीत, कारण गाडी चुकायची वेळ आली की रस्त्याने कोण जातं? त्या वादात मी हरलो आणि गाव जिंकलं.

मॉडेल रेल्वेवाल्यांनो, घराशेजारी रुखवत करणारी एखादी मावशी, मखर करणारा एखादा काका असेल तर आधी त्यांच्याकडे जा, मग किट मागवायचं का ते ठरवा. आपल्याला इंजिनांचे नंबर पाठ असतात. घराला दिवा कुठे ठेवतात ते त्यांना माहीत असतं.

आक्का, आता कामाचं. तुमची रव्याची चाळणी मी ठेवून घेतली आहे. तिच्यातून इतकी माती गेली आहे की तिने रवा चाळू नका. नवी आणली आहे, संध्याकाळी देऊन जातो. शेंदुर्णीचं त्रिविक्रमाचं देऊळ यंदा करायला घेतोय, कळसाचं बोलणं आधीच करून घेऊ. आणि त्या बाळंतिणीच्या घरी बारसं कधी धरायचं ते ठरवा. अडीच फुटांचा पाळणा म्हणजे पावणेनऊ मिलिमीटर. लाकडाचं मी बघतो, दोऱ्या तुम्हालाच ओवाव्या लागतील.

तुमचा,
भाऊ