गाविलगडावरच्या त्या तिघांचे आभार

जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावर जायचं ठरलंय. उंची 3,810 मीटर, आणि आमच्या वऱ्हाडात चढ म्हणावा तर चिखलदऱ्याचाच. म्हणून गेल्या रविवारी सॅकमध्ये आठ किलो तूरडाळ भरून तिथल्याच गाविलगडावर सरावाला गेलो. एकटाच. शहाणपणा माझाच, दुसरं काय! उतरताना शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरला आणि घोटा मुरगळला. मोबाईलला रेंज नाही.

शेळ्यांमागून एक कोरकू आदिवासी बाबा आणि दोन पोरं आली. मी बूट काढायला लागलो तर बाबा म्हणाले, "राहू दे, सुजला त मंग चढनार नाही." डोक्याचा शेला सोडून त्यांनी बुटावरूनच घोटा करकचून बांधला. एक पोरगा सॅक घेऊन पुढे, दुसरा शेळ्यांपाशी. बाबांच्या खांद्यावर हात टाकून तासाभरात रस्त्याला लागलो. दर वीसेक पावलांवर ते स्वतःच दमल्यासारखं करून थांबायचे. दमलेला मी होतो.

पैशाला हात लावला नाही. डाळ तेवढी पोरांनी हसत ठेवून घेतली. नावं विचारायची राहिली. बाबा, पोरांनो, मनापासून आभार. शेला धुऊन ठेवलाय, पाय टेकता आला की घेऊन येतो.