तुझ्या मुरगळलेल्या पायाबद्दल

सातारा
रविवार, रात्री

प्रिय सुहास,

काल फोनवर म्हणालास, "एक्स-रेत हाड शाबूत आहे, म्हणजे काही झालेलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा राजगड." ते ऐकल्यापासून मला चैन नाही. अरे, हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे, म्हणजे लिगामेंट, एक्स-रेत दिसतच नाहीत!

पाय उतरतानाच मुरगळला ना? घोट्यात टॅलस नावाचं हाड असतं. नडगीच्या दोन हाडांच्या कोंदणात ते बसतं. पुढून रुंद, मागून अरुंद. चढताना पंजा वर येतो आणि रुंद भाग कोंदणात गच्च बसतो. उतरताना पंजा खाली झुकतो, अरुंद भाग पुढे येतो, सांधा सैल पडतो. त्यात दगड निसटला की तळवा आत वळतो आणि बाहेरच्या बाजूची लिगामेंट ताणली जातात. ती तीन असतात. त्यातलं पुढचं सगळ्यात नाजूक, बहुतेकदा आधी तेच फाटतं. तू बोट ठेवून दाखवलीस ती जागा तीच. आतल्या बाजूचं डेल्टॉइड पंख्यासारखं पसरलेलं आणि दणकट, ते सहसा दगा देत नाही.

आणि या टॅलसला एकही स्नायू चिकटलेला नाही. अंगाचा सगळा भार त्याच्यावर, आणि त्याला जागेवर धरून ठेवतात ती लिगामेंट आणि शेजारची हाडं. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून मी कितीतरी वेळ स्वतःच्या घोट्याकडे बघत बसलो होतो. एका पावलात 26 हाडं आणि 33 सांधे!

लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नव्हे. पाय किती कलला याची खबर मेंदूला देणारी मज्जातंतूंची टोकं तिच्यात असतात. ती फाटली की खबर उशिरा पोचते. सूज उतरते, दुखणं थांबतं, तरी पाय अजून बेसावधच असतो. विशीत माझा उजवा पाय त्याच जागी तीनदा मुरगळला, कारण हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा वहिनींना सांग, लेप लावायचा तर लावा, पण सध्या तेलानं चोळू नका. क्रेप बँडेज बांध, पाय उशीवर ठेव, सोसेल तसं चालायला लाग. दुखणं ओसरलं की भिंतीजवळ त्या एकाच पायावर 30 सेकंद उभा राहा. ते जमलं की डोळे मिटून. निदान 6 आठवडे गडाचं नाव काढू नकोस.

एक मात्र आजच बघ. तळव्याच्या मध्यावर काळंनिळं पडलंय का? पावलाच्या मधोमध, दुसऱ्या बोटाच्या लांब हाडाला बांधून ठेवणारं लिसफ्रँक लिगामेंट असतं. ते तुटलं तर आडवं झोपून काढलेल्या एक्स-रेत सहज निसटून जातं, पायावर भार देऊन पुन्हा काढावा लागतो. दोन्ही तळव्यांचे फोटो काढून झोपायच्या आधी पाठव. मी जागा आहे.

तुझा,
नितीन