नासणाऱ्या मालावरची खंडणी

क्वीन्स, न्यू यॉर्क
रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबांना धड ऐकू येत नाही आणि आई मध्येच "जेवलीस का" म्हणून विषय तोडते, म्हणून हे सविस्तर पत्रच लिहिते आहे. बाबा, तुम्ही रात्री जागून माफियांचे व्हिडिओ बघता आणि सकाळी मला विचारता, "तुझ्या साइटवर ते लोक येतात का गं?" नाही येत. पण मी 1980 च्या सुमाराला इथे काँक्रीटचं काम करत असते, तर असं छातीठोक सांगता आलं नसतं.

त्या व्हिडिओंत गोळीबार फार आणि हिशेब कमी असतो. मला त्यातला हिशेबच जास्त कळतो, कारण तो तुमच्या-माझ्या धंद्यातला आहे.

आधी आईचं. आई, तू परवा म्हणालीस, "ते इटालियन लोकच तसले." तसं नाही गं. 1880 ते 1920 या काळात चाळीस लाखांहून जास्त इटालियन अमेरिकेत आले, बहुतेक दक्षिणेकडचे गरीब शेतकरी आणि मजूर. खंडणीचा पहिला त्रास झाला तो त्यांनाच. न्हावी, बेकरीवाला, किराणावाला यांच्या दारात चिठ्ठी यायची, खाली काळा पंजा किंवा सुरा काढलेला. पैसे द्या, नाहीतर दुकान उडवू. कारुसोसारख्या नामांकित गायकालाही अशी चिठ्ठी आली होती. त्या चिठ्ठीवाल्यांच्या मागे लागला तोही इटालियनच, जोसेफ पेत्रोसिनो. लहानपणी पादुला गावाहून आलेला, इथे बूटपॉलिश करून वाढलेला, पुढे पोलीस खात्यात लेफ्टनंट झाला. 1909 मध्ये तो गुन्हेगारांचे जुने रेकॉर्ड गोळा करायला सिसिलीत गेला आणि 12 मार्चला पालेर्मोच्या चौकात त्याला गोळ्या घातल्या. इथे त्याच्या अंत्ययात्रेला लाखांवर माणूस रस्त्यावर होता. पुढे या टोळ्यांना जेरीला आणणाऱ्यांतही इटालियन आडनावं भरपूर सापडतील.

टोळ्यांचा इतिहास थोडक्यात सांगते. 1920 ते 1933 दारूबंदी होती, तेव्हा चोरट्या दारूवर गल्लीतले गुंड गब्बर झाले. 1931 मध्ये दोन म्होरके पाच महिन्यांच्या अंतराने मारले गेले, मासेरिया कोनी आयलंडच्या खानावळीत आणि मारान्झानो पार्क अव्हेन्यूवरच्या स्वतःच्या ऑफिसात. त्यानंतर लकी लुचियानोने शहरातल्या पाच टोळ्यांना, इथे त्यांना 'फॅमिली' म्हणतात, एका 'कमिशन'खाली बसवलं. भांडण झालं तर तिथे मिटवायचं, वाटणी तिथे ठरवायची. पाच जणांची नावं पाठ करायचं कारण नाही.

आता खरी गंमत. ही मंडळी पैसा कुठे खायची ते बघितलं, की एक गोष्ट डोळ्यांत भरते. ज्या मालाला थांबता येत नाही, त्याच्याच वाटेवर ती बसलेली असायची.

आई, दुपार कलली की मिरकरवाड्याला पापलेटचा भाव कसा उतरतो, ते तुला सांगायला नको. मॅनहॅटनच्या टोकाला, ब्रुकलिन पुलाशेजारी, फुल्टनचा मासळीबाजार होता, 1822 पासूनचा. मध्यरात्रीनंतर ट्रक यायचे आणि पहाट व्हायच्या आत माल विकायचा. ट्रक कोणी उतरवायचा, आधी कोणाचा, हे ठरवणाऱ्या टोळ्या ठरलेल्या. पैसे दिले नाहीत तर कोणी अंगावर हात टाकायची गरजच नव्हती, तुमचा ट्रक शेवटी उतरला म्हणजे झालं. 1920 च्या दशकापासून तिथे जो लान्झा नावाचा कामगार पुढारी राजा होता, टोपणनाव 'सॉक्स'. युद्धात, 1942 मध्ये, 'नॉर्मंडी' हे प्रचंड जहाज इथल्या धक्क्याला जळालं. तो घातपात नव्हता, वेल्डिंगची ठिणगी पडली होती, पण नौदल हादरलं आणि बंदरावर नजर ठेवायला मदत मागत याच लान्झाकडे गेलं. त्याच्यामार्फत मग तुरुंगातल्या लुचियानोकडे. लुचियानोला 1936 मध्ये सरकारी वकील ड्यूईने तीस ते पन्नास वर्षांची शिक्षा घडवली होती. 1946 मध्ये ती कमी करून त्याला इटलीला पाठवून दिलं, आणि त्या कागदावर सही कोणाची? गव्हर्नर झालेल्या त्याच ड्यूईची!

तसाच आर्टिचोक. ही एक खवल्याखवल्यांची काटेरी भाजी असते, इटालियन घरांत फार आवडीची. कॅलिफोर्नियाहून आगगाडीने इथपर्यंत यायची. सिरो तेरानोवा नावाच्या माणसाने तिचा सगळा घाऊक व्यापार धमक्या देऊन दाबून ठेवला होता आणि भाव त्याच्या मर्जीचा. तेव्हा महापौर होता ला गार्डिया, बाप इटालियन, उंचीने पाच फूट दोन इंच आणि आवाज मोठा. डिसेंबर 1935 मध्ये, ऐन नाताळच्या तोंडावर, तो भल्या पहाटे ब्रॉंक्सच्या घाऊक बाजारात गेला, बरोबर तुतारीवाले पोलीस घेऊन. तुतारी वाजली आणि ट्रकच्या मागच्या बाजूवर चढून त्याने फर्मान वाचलं की आजपासून शहरात छोटे आर्टिचोक विकायचे नाहीत. एका भाजीवर बंदी! फार दिवस टिकली नाही ती, भाव उतरले आणि मागे घेतली. मला हा माणूस नाटकी वाटतो, पण आवडतो.

आणि आता बाबांचा विषय. बाबा, पुलाच्या कामावर स्लॅबच्या दिवशी तुमच्याशी घरात कोणी बोलायचं नाही, आठवतंय? मिक्सर बंद पडला, माणसं कमी आली, की तुमचा पारा चढायचा. इथे काँक्रीट प्लांटवरून ट्रान्झिट मिक्सरने येतं. पाणी पडल्यापासून दीड तासात ते ओतून मोकळं व्हावं, असा इथल्या मानकांचा जुना दंडक. म्हणजे तीन मिक्सर रस्त्यात रांगेला उभे आहेत आणि युनियनच्या माणसाने फक्त पंपाजवळच्या गड्यांना "थांबा रे" म्हटलं, की पुढचं तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. ड्रममधला माल घट्ट होत चाललाय, अर्धा पडलेला स्लॅब कोल्ड जॉइंटच्या, म्हणजे जुना आणि नवा थर एकजीव न होण्याच्या, वाटेवर, मालकाचा फोन. अशा वेळी कोण तत्त्व सांगत बसेल?

काँक्रीट कामगारांच्या युनियनचा अध्यक्ष राल्फ स्कोपो हा कोलंबो फॅमिलीचा माणूस होता. त्याच्या जोरावर कमिशनने एक 'क्लब' चालवला. मॅनहॅटनमधलं वीस लाख डॉलरच्या वरचं काँक्रीटचं काम क्लबातल्या मोजक्या ठेकेदारांनाच. कोणतं कोणाला ते वरून ठरायचं, बाकीचे मुद्दाम चढे दर भरायचे. आपल्याकडे याला रिंग म्हणतात, ते तुम्हाला मी काय सांगणार! काम मिळालेल्याने दोन टक्के वर पोचवायचे, त्या बदल्यात युनियन गप्प. एका ठेकेदाराने स्कोपोला विचारलं होतं, मोठं काम मला का नाही? स्कोपो म्हणाला, त्यासाठी सगळ्या फॅमिलींना भेटावं लागेल, आणि ते नाहीच म्हणतील, तेव्हा तू खटपटच करू नकोस. हे संभाषण एफबीआयने टेप केलं होतं.

अशाच टेपांनी त्यांना बुडवलं. लुकेसी फॅमिलीचा प्रमुख कोरालो फिरायचा त्या जग्वार गाडीत पोलिसांनी मायक्रोफोन बसवला. गाडीत बसून मंडळी महिनोन्महिने कमिशनच्या गप्पा मारत राहिली. कायदा तर 1970 चाच होता, इथे त्याला रिको म्हणतात. एकेका गुन्ह्यासाठी एकेकाला पकडण्याऐवजी, गुन्ह्यांवर चालणारी अख्खी संघटना आरोपीच्या पिंजऱ्यात आणता येते. पण तो वापरायचा कसा, हे वकिलांना उमगायलाच दहा वर्षं गेली. 1985 मध्ये सरकारी वकील जुलियानी यांनी कमिशनवरच खटला भरला. त्यातला एक आरोपी, गॅम्बिनो फॅमिलीचा प्रमुख कॅस्टेलानो, त्याच डिसेंबरात एका हॉटेलच्या दारात मारला गेला, आपल्याच टोळीतल्या गोत्तीच्या सांगण्यावरून. नोव्हेंबर 1986 मध्ये उरलेले दोषी ठरले आणि जानेवारीत शिक्षा झाल्या. आठांपैकी सातांना शंभर-शंभर वर्षं. स्कोपोही त्या सातांत.

कचऱ्याचं राहिलं. दुकानांचा, ऑफिसांचा कचरा इथे खासगी कंपन्या उचलतात, आणि कोणता गिऱ्हाईक कोणाच्या मालकीचा हे ठरलेलं असायचं. गिऱ्हाइकाला कंपनी बदलायची सोय नाही. बाहेरची एक मोठी कंपनी शहरात शिरली, तेव्हा तिच्या एका अधिकाऱ्याच्या दारात कुत्र्याचं कापलेलं मुंडकं ठेवलं होतं, सोबत 'न्यू यॉर्कमध्ये स्वागत' अशी चिठ्ठी. हे 1993 मधलं, म्हणजे फार जुनं नाही. मग एक डिटेक्टिव्ह कचरा-रद्दीच्या कंपनीतला माणूस बनून तीन वर्षं त्यांच्यात वावरला आणि 1995 मध्ये सगळ्यांवर आरोपपत्र आलं. त्यानंतर शहराने परवान्यासाठी वेगळं खातंच काढलं. आजही कचऱ्याची गाडी चालवणाऱ्या कंपनीची कुंडली तिथे तपासली जाते.

सगळं संपलं असं मी म्हणणार नाही. जुगार, सावकारी, अधूनमधून युनियनमधलं एखादं प्रकरण पेपरात येतं. पण काँक्रीटच्या दरात त्यांचे दोन टक्के धरून चालायचे दिवस गेले. माझ्या साइटवर मिक्सर अडतो तो ट्रॅफिकमुळे, आणि त्याला टेपही लावता येत नाही.

मासळीबाजार 2005 मध्ये ब्रॉंक्सला, हंट्स पॉइंटला गेला. आई, मे महिन्यात आलीस की तुला तिथे न्यायचा विचार आहे, पण तो रात्री भरतो, तेव्हा दुपारी झोपून घ्यावं लागेल. बाबांना लाफायेत स्ट्रीटवरचा पेत्रोसिनोच्या नावाचा छोटा चौक दाखवीन. तिथे बाकं आहेत, गुडघ्यांना त्रास नाही. औषधांच्या चिठ्ठ्या डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून आणा आणि विमानतळावर व्हीलचेअर सांगायला लाजू नका.

बाबा, एक मात्र नक्की लिहून पाठवा. खाडीपुलाच्या कामाला मिक्सर बंद पडला होता, तेव्हा तुम्ही तो स्लॅब वाचवला कसा? इथे जेवणाच्या सुट्टीत मी ती गोष्ट सांगायला घेतली आणि अर्ध्यावर अडले.

तुमची,
मीनल