धुरक्याचा इशाराही सीमेपलीकडे जाऊ द्या

मा. केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ अरबी समुद्रातून वर सरकत होते, तेव्हा कच्छच्या किनाऱ्यावरची गावे रिकामी केली जात होती आणि पलीकडे सिंधमध्येही तीच धावपळ चालू होती. वादळाला नाव बांगलादेशाने सुचवलेले. त्याच्या मार्गाची पत्रके आपल्या हवामान खात्याकडून दिल्लीहून निघत होती आणि पाकिस्तानलाही मिळत होती. उत्तर हिंदी महासागरातल्या चक्रीवादळांबाबत भारतासह १३ देशांना सल्ला देण्याची जबाबदारी जागतिक हवामान संघटनेच्या व्यवस्थेत भारताकडे आहे. तेव्हाही दोन देशांचे संबंध काही गोडीचे नव्हते. तरीही वाऱ्याची माहिती अडली नाही, माणसे वाचली.

आता नोव्हेंबर २०२४ आठवा. लाहोरमध्ये हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (आकडा जितका मोठा, तितकी हवा वाईट) १००० च्या वर गेला, शाळा बंद झाल्या. त्याच महिन्यात दिल्लीतही मुले घरी बसली. लाहोर आणि अमृतसर यांच्यात जेमतेम ५० किलोमीटरचे अंतर आहे. दोन्हीकडे तेच धुरके होते, पण उद्या ते कुठे दाटणार हे सांगणारे एकही सामायिक पत्रक नव्हते. वादळासाठी जे आपण वर्षानुवर्षे करतो, ते श्वासासाठी का करू नये, एवढेच विचारायला हे पत्र लिहीत आहे.

हवा मोजणाऱ्या यंत्रातली गाळणी कधी जवळून पाहावी. ४७ मिलिमीटर व्यासाची पांढरीशुभ्र चकती आधी सूक्ष्म तराजूवर तोलतात आणि २४ तास हवा ओढणाऱ्या यंत्रात ठेवतात. हिवाळ्यात उत्तरेकडच्या मैदानात ती बाहेर काढली की काजळीसारखी काळपट दिसते. प्रयोगशाळेत तिच्यात पोटॅशियम जास्त सापडले की पेंढा किंवा लाकूड जळाल्याचा संशय येतो. अमोनियम सल्फेट सापडले तर गोष्ट अधिक गुंतागुंतीची होते. कारण हा कण कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही, तो हवेत तयार होतो. कोळशाच्या वीजकेंद्रातून सल्फर डायऑक्साइड येतो, युरिया टाकलेल्या शेतांतून आणि गोठ्यांतून अमोनिया येतो, आणि वाटेत त्यांचा संयोग होतो. सल्फर एका देशातले, अमोनिया दुसऱ्यातला, आणि कण जातो तिसऱ्याच ठिकाणच्या मुलाच्या छातीत. यात एकाच शहराच्या महापालिकेने रस्ते कितीही धुतले तरी काय होणार?

जागतिक बँकेच्या अभ्यासाने दक्षिण आशियात सहा मोठी वायुक्षेत्रे, म्हणजे एकच प्रदूषित हवा वाटून घेणारे प्रदेश, दाखवली आहेत. वारा वायव्येकडून आग्नेयेकडे वाहत असताना भारतीय पंजाबातले सुमारे ३० टक्के प्रदूषण पाकिस्तानी पंजाबातून येते, असे हा अभ्यास सांगतो. आपल्याकडे हा आकडा लगेच उचलला जातो. त्याच्या शेजारचा आकडा मात्र मागे राहतो: ढाका, चितगाव आणि खुलना या शहरांतले सरासरी ३० टक्के प्रदूषण भारतातून जाते. म्हणजे आपण सोसणारेही आहोत आणि देणारेही. माझ्या मते आपल्या हातातली सगळ्यात भक्कम बाजू हीच आहे. आपण आधी स्वतःचा वाटा मान्य केला, तर समोरच्याला दोषारोपाची भीती उरत नाही.

आपल्या मंत्रालयाला हे तत्त्व नवे नाही. दिल्लीची हवा एकट्या दिल्लीला सुधारता येत नाही, हे कळल्यावरच २०२१ च्या कायद्याने पंजाब, हरियाणा, राजस्थान आणि उत्तर प्रदेशाला एकत्र बांधणारा आयोग आला. राज्यांच्या सीमा वारा जुमानत नाही हे आपण कायद्यात लिहिले आहे. देशाच्या सीमेबाबतही आठ देशांनी १९९८ मध्येच मालदीवच्या राजधानीत, मालेमध्ये, हवेच्या प्रदूषणाविषयी जाहीरनामा केला होता, भारतही त्यात होता. पण तो बंधनकारक नव्हता आणि हळूहळू मागे पडला. डिसेंबर २०२२ मध्ये काठमांडूत पुन्हा बोलणी झाली. २०३५ पर्यंत पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, वार्षिक सरासरी दर घनमीटरला ३५ मायक्रोग्रॅमच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट पुढे आले. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची ५, त्यामुळे ३५ ही फक्त पहिली पायरी आहे.

मैत्री झाल्याशिवाय असे काम होत नाही, हा समज मात्र सोडायला हवा. १९७९ मध्ये जिनिव्हात युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या देशांनी दूरवर जाणाऱ्या प्रदूषणाचा करार केला, तेव्हा शीतयुद्ध चालू होते. सोव्हिएत संघ आणि अमेरिका यांनी त्याच कागदावर सह्या केल्या. आधी दोन्ही बाजूंच्या केंद्रांवर एकाच पद्धतीने मोजमाप झाले, मग सल्फर ३० टक्क्यांनी कमी करण्याचा १९८५ चा करार आला. आकड्यांवर विश्वास बसला, म्हणून पुढचे शक्य झाले. उलट, आग्नेय आशियातल्या धुराविषयीचा करार २००२ मध्ये झाला, पण ज्या इंडोनेशियातून बराचसा धूर निघत होता, त्याने मान्यता द्यायला २०१४ उजाडले. मधल्या १२ वर्षांत मुख्य घरच कराराबाहेर होते.

म्हणून माझी मागणी मोठ्या परिषदेची नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने दिल्लीसाठी हवेच्या गुणवत्तेचा पूर्वअंदाज देणारी यंत्रणा उभी केली आहे. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाला सोबत घेऊन तिचीच कक्षा नेपाळ, भूतान आणि बांगलादेशापर्यंत वाढवावी, आणि त्यांच्या केंद्रांचे दर तासाचे आकडे आपल्या आकड्यांसह एकाच जागी, सर्वांना दिसतील असे ठेवावेत. पाकिस्तानशी आज बोलणे अवघड आहे, हे मी जाणतो. तरी तांत्रिक पातळीवरचे दार बंद करू नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिकडच्या पंजाबच्या मुख्यमंत्री मरियम नवाज यांनी धुरक्यावर भारताशी बोलायला हवे, असे जाहीरपणे म्हटले होते. वीटभट्ट्या झिगझॅग पद्धतीच्या, म्हणजे गरम हवा नागमोडी फिरवून धूर कमी करणाऱ्या, करण्याचा आदेश आपण २०२२ मध्ये काढला, पाकिस्ताननेही तीच वाट धरली, आणि २०१५ च्या भूकंपात पडलेल्या काठमांडू खोऱ्यातल्या भट्ट्याही त्याच पद्धतीने उभ्या राहिल्या. तिघांनीही एकच काम हाती घेतले.

पुढचा हिवाळा लांब नाही. या हंगामाआधी किमान नेपाळ आणि बांगलादेशासोबतचे पहिले सामायिक पत्रक निघेल का, आणि निघणार असेल तर त्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याकडे असेल, हे आपण लेखी कळवावे, ही विनंती.

आपला,
एक नागरिक