आधी गाणी कुठं आहेत ते बघा, मग डबा घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या आधी तुमच्या पुरवणीत घरच्या म्युझिक सिस्टिमवर अर्धं पान आलं होतं. फोटो झकास होता, पण वाचून झाल्यावर लक्षात आलं की स्पीकरबद्दल सगळं आहे, अ‍ॅम्प्लिफायरबद्दल आहे, पडदे जाड लावावेत हेही आहे, आणि त्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये गाणं येणार कुठून यावर फक्त एक ओळ, मोबाईल ब्लूटूथने जोडा म्हणून. म्हणजे बाथरूमला इटालियन टाइल्स आणि नळाला करंगळीएवढी धार. मी गेली दोन वर्षं याच धारेच्या मागे घालवलीत, पैसेही घालवलेत, म्हणून लिहितोय. लांबलं तर बिनधास्त कात्री लावा.

आमच्याकडे इंदिरानगरला हॉलमध्ये जुना स्टिरिओ अ‍ॅम्प आहे, वीसेक वर्षांचा, मागे नुसत्या लाल-पांढऱ्या पिना, यूएसबी वगैरे काही नाही. सीडी प्लेअर होता त्याची लेन्स गेली, डिस्क आत घातली की दोन मिनिटं कुरकुर करायचा आणि मग डिस्कच नाही म्हणून सांगायचा. पार्ट मिळत नाही असं कळल्यावर मी एमजी रोडला एका दुकानात गेलो तर तिथला पोरगा म्हणाला, "काका, सीडी आता कोण ऐकतं? मोबाईल आहे ना खिशात." आणि एक ब्लूटूथ रिसीव्हर दिला. मीपण घेतला.

पहिले आठ दिवस मजा आली. मग एकादशीला सकाळी अभंग लागलेला, सौ. देवापुढे, आणि ऐन रंगात आला असताना मेव्हण्याचा फोन. त्याची रिंगटोन दोन्ही स्पीकरमधून फुल आवाजात, घरभर. तो कट केला तर अभंगानंतर अ‍ॅपने आपल्या मनानेच हळदीतला डीजे लावून दिला. सौ.ने माझ्याकडे असं बघितलं की तो मीच वाजवलाय.

गंमत सोडा, पण आवाजही पातळ वाटत होता आणि त्याला कारण आहे. सीडी १९८२ साली आली तेव्हापासून तिचं माप ठरलेलं आहे, सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, दोन चॅनल, म्हणजे सेकंदाला साधारण १४११ किलोबिट. ब्लूटूथचा जो सगळीकडे चालणारा साधा कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) आहे एसबीसी, तो चांगल्यात चांगला चालला तरी सव्वातीनशेच्या आसपास. सोनीचा एलडॅक ९९० पर्यंत जातो पण फोन आणि रिसीव्हर दोन्हीकडे तो लागतो, आयफोनमध्ये तो नाहीच. त्यामुळे लोक अ‍ॅपल म्युझिकवर लॉसलेस, म्हणजे काहीही न फेकलेला आवाज, चालू करून खूश होतात आणि ब्लूटूथने ऐकतात, तेव्हा ते लॉसलेस फोनमध्येच राहतं, स्पीकरपर्यंत पोचत नाही. माझ्या कानाला फरक दरवेळी कळतो असं मी म्हणणार नाही. पेटीच्या मागचा तानपुरा आणि झांजा, इथे मात्र कळतो.

मग मी टीव्हीकडून प्रयत्न केला, यूट्यूबवर जुनं नाट्यसंगीत भरपूर आहे म्हणून. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून वायर अ‍ॅम्पला. तर घुंऽऽऽ असा एकसारखा आवाज, पंपाची मोटर चालू असल्यासारखा. दुसऱ्या एका दुकानात साडेतीन हजाराची जाडजूड सोनेरी पिनांची केबल माझ्या गळ्यात मारली, घरी आणून लावली तरी घुंऽऽ तसंच, फक्त आता साडेतीन हजाराचं. शेवटी एका रविवारी वैतागून एकेक वायर काढत बसलो, आणि केबलवाल्याची वायर सेट-टॉप बॉक्समधून उपसली तसं एकदम शांत! दोन ठिकाणचं अर्थिंग वायरींमधून एकमेकांना जोडलं गेलं की त्या वेटोळ्यातून हा आवाज येतो, त्याला केबल सोन्याची असली काय आणि तांब्याची असली काय.

त्यावर औषध म्हणजे ऑप्टिकल. बऱ्याच टीव्हींना मागे एक चौकोनी भोक असतं, झाकण उघडलं की आत लाल उजेड दिसतो, तेच. त्यातून वीज जातच नाही, उजेड जातो, त्यामुळे अर्थिंगचा संबंधच तुटतो. पलीकडे डॅक नावाची छोटी डबी लागते, आकड्यांचं परत आवाजात रूपांतर करणारी, आणि तिच्यातून लाल-पांढऱ्या पिना जुन्या अ‍ॅम्पला. एक लक्षात ठेवा, टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर, म्हणजे साध्या न दाबलेल्या आकड्यांवर ठेवा, नाहीतर टीव्ही डॉल्बीच्या पद्धतीने बांधलेला आवाज पाठवत राहतो आणि साध्या डॅकला ते कळत नाही, तो गप्प बसतो आणि आपण डबी खराब निघाली म्हणून दुकानात भांडायला जातो. मी गेलो होतो.

पण यूट्यूब कितीही एचडी असलं तरी ते एचडी चित्राचं, आवाज दाबलेलाच असतो. तेव्हा प्रश्न तिथेच, गाणं आणायचं कुठून?

आता मुख्य मुद्दा. आम्ही दोघांनी एक दिवस वही घेतली आणि खरोखर वर्षभरात जी ऐकतो अशी पन्नास गाणी लिहून काढली, आवडतात म्हणून नाही तर ऐकतो म्हणून. आणि मग अ‍ॅपवर एकेक शोधलं. एकतीस नीट सापडली. आठ सापडली पण ती दुसरीच, त्याच गायकाने नंतर परत म्हटलेली, मागे कीबोर्ड. अकरा नाहीतच. आणि ही अकरा म्हणजे कोपऱ्यातली नाहीत हो, माझ्या कपाटात सीडी पडलेल्यात त्यांच्या! शिवाय अ‍ॅपवर पदाखाली कवी कोण, संगीत कोणाचं, तबल्याला कोण हे बऱ्याचदा नसतंच, सीडीच्या आतल्या कागदावर सगळं असतं. ही पन्नासची यादी प्रत्येकाने दुकानात जायच्या आधी करावी असं माझं म्हणणं आहे. ज्याची पन्नासच्या पन्नास अ‍ॅपवर मिळतात त्याने खुशाल स्ट्रीमर घ्यावा, वायफायवर चालणारा, म्हणजे गाणं तो स्वतः नेटवरून घेतो आणि फोन नुसता रिमोट राहतो, मेव्हण्याचा फोन आला तर फोनमध्येच वाजतो. ज्याची माझ्यासारखी एकतीसच मिळतात त्याने आधी सीडींकडे बघावं.

मी तेच केलं. यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह आणला, कारण हल्लीच्या लॅपटॉपला ड्राइव्ह येतच नाही, आणि सगळ्या सीडी फ्लॅकमध्ये उतरवल्या. फ्लॅक म्हणजे आवाज दाबतो पण काही फेकत नाही, सुटकेसमध्ये कपडे घडी घालून बसवावेत तसं, उघडलं की सगळे कपडे तेच. एमपीथ्री मात्र दोन शर्ट घरीच ठेवून येतो. एक सीडी साधारण साडेतीनशे एमबी झाली, माझ्या दोनशेतीस सीडी मिळून ऐंशी जीबी, म्हणजे अख्खं कपाट एका १२८ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये. तीन महिने गेले, रोज रात्री जेवणानंतर दोन-तीन. ओरखडे असलेल्या दहा-बारा सीडींनी फार रडवलं, त्या ओल्या मऊ फडक्याने आतून बाहेर सरळ पुसायच्या, गोल गोल नाही.

एमपीथ्री करू नका याला आणखी एक कारण आहे जे शास्त्रीय ऐकणाऱ्यालाच कळेल. मैफिलीच्या सीडीत विलंबित (संथ भाग) एका ट्रॅकवर आणि द्रुत (जलद भाग) पुढच्या, मध्ये तानपुरा चालूच असतो. एमपीथ्री बनवताना फाइलच्या पुढेमागे रिकामी जागा शिरते आणि बऱ्याच प्लेअरवर त्या सांध्यात तानपुरा क्षणभर तुटतो, चालता चालता ठेच लागल्यासारखा. एकदा ऐकू आलं की मग तेच ऐकू येतं.

पेनड्राइव्ह सरळ लावू म्हणून पुतण्याच्या नव्या अ‍ॅम्पला लावून बघितला. मी हौसेने सगळी नावं देवनागरीत टाइप केलेली, त्याच्या डिस्प्लेवर नुसते चौकोन. दोनशेतीस सीडींचे चौकोन! मग त्यानेच मला रास्पबेरी पाय नावाचं पत्त्याच्या कॅटएवढं कॉम्प्युटरचं बोर्ड आणून त्यात व्हॉल्युमिओ हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर घालून दिलं, ते फुकट आहे, मूओड म्हणून दुसरं आहे तेही फुकट. बोर्डाला पेनड्राइव्ह, बोर्डातून यूएसबीने डॅक (माझ्या डबीला ऑप्टिकल आणि यूएसबी दोन्ही आहे), डॅकमधून अ‍ॅम्प. मोबाईलवर सगळी यादी दिसते, मराठीत, मुखपृष्ठासकट. फक्त लाईट अचानक गेली की त्याचं मेमरी कार्ड बिघडू शकतं, आमचं पावसाळ्यात एकदा बिघडलं, तेव्हापासून ते इन्व्हर्टरवर आहे आणि गाण्यांची दुसरी कॉपी वेगळ्या हार्डडिस्कवर कपाटात.

हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा मोठ्या मापाच्या फाइली, याबद्दल पण सांगतो कारण दुकानात त्याचाच घोष असतो, चोवीस बिट एकशेब्याण्णव, म्हणजे सेकंदाला एक लाख ब्याण्णव हजार नमुने. माणसाच्या कानाची धाव वीस हजार हर्ट्झपर्यंत, तीसुद्धा तरुणपणी, आणि सीडीचं माप तेवढ्याला पुरतं. रेकॉर्डिंग करणाऱ्यांना चोवीस बिट उपयोगी पडतात, ऐकताना काय ते तुम्हीच बघा. शास्त्रीय गायक बापूराव पलुस्कर १९२१ साली आपल्या नाशकात जन्मले आणि १९५५ मध्ये गेले, चौतीस वर्षांचं आयुष्य. त्यांचं बरंच गाणं ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवर, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, त्यात अख्खा राग मांडलेला. ती तबकडी तुम्ही एकशेब्याण्णवमध्ये ऐका नाहीतर साध्या सीडीवर, गळा तोच येणार, जास्तीची येईल ती खरखर. त्यापेक्षा कॉपी कोणी आणि कुठल्या तबकडीवरून केली त्यावर फार अवलंबून असतं, काहींनी खरखर घालवायच्या नादात आवाजातली धारच घालवलीय.

एकूण खर्च बोर्ड, डॅक, ड्राइव्ह मिळून त्या पुरवणीतल्या सगळ्यात स्वस्त स्पीकरपेक्षा कमी झाला, साडेतीन हजाराची केबल धरून. अ‍ॅप पण ठेवलंय, नातवंडांसाठी आणि नवीन काही ऐकायचं असेल तर.

एकच राहिलंय आणि त्यासाठी तुमच्या वाचकांची मदत हवी आहे. वडिलांचं पंचवटीतलं भजनी मंडळ होतं, त्यांच्या चार कॅसेट आहेत, १९८६-८७ च्या, ते अ‍ॅपवर कुठून येणार. टेपडेकचा रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा झालाय आणि कॅसेट मी त्यात घालायची हिंमत करत नाही. नाशकात कुणी अजून डेक दुरुस्त करणारं असेल, भद्रकाली, नाशिकरोड, देवळाली कॅम्प कुठेही, तर कृपया याच सदरात कळवावं. कॅसेट मी स्वतः घेऊन येईन, ठेवून मात्र जाणार नाही.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक