हिरवं असलं की जंगल होत नाही

शिकागो,
१८ जानेवारी

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "म्हणजे दर रविवारी तू जंगलात जाऊन हिरवीगार झाडं तोडतोस? आणि वर त्याला जंगल वाचवणं म्हणतोस?" तेवढ्यात फोन कटला आणि उत्तर राहूनच गेलं. तेव्हापासून तुझा प्रश्न डोक्यात घोळतोय. आपण देवराईतली वाळकी काटकीसुद्धा उचलायला घाबरणारी पोरं. तुला धक्का बसला नसता तरच मला नवल वाटलं असतं. पण हे दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून आज निवांत लिहायला बसलोय. बाहेर उणे अकरा आहे, हात नुकते कुठे गरम झालेत आणि स्वेटरला अजून धुराचा वास येतोय.

आधी ही जंगलं कोणाची, ते सांगतो. शिकागो शहर ज्या कुक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात येतं, त्या काउंटीच्या मालकीची ही राखीव रानं आहेत. इथे त्यांना फॉरेस्ट प्रिझर्व्ह म्हणतात. राष्ट्रीय उद्यान नव्हे की राज्याचं वनखातंही नव्हे. लोकांच्या करातून जिल्ह्यानं विकत घेतलेली जमीन. शहर वेड्यासारखं पसरत होतं तेव्हा ड्वाइट पर्किन्स नावाचा वास्तुविशारद आणि जेन्स जेन्सन हा उद्यानं रचणारा माणूस, यांनी आणि त्यांच्यासारख्यांनी हा विषय लावून धरला. १९१३ मध्ये कायदा झाला, १९१४ मध्ये संस्था उभी राहिली आणि १९१६ मध्ये पहिली जमीन घेतली गेली. आज जवळजवळ ७०,००० एकर आहे, जिल्ह्याच्या दहाव्या हिश्शाहून थोडी जास्तच. रस्त्यावरून गाडी हाकताना एका बाजूला दुकानांची रांग आणि दुसऱ्या बाजूला अचानक रान लागतं, ते हेच.

त्या जुन्या कायद्यात राखणं, जपणं या शब्दांच्या बरोबरीनं "पूर्ववत करणं" हाही शब्द आहे. तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थबकलो होतो. कारण पुढची कितीतरी दशकं सगळ्यांनी राखण्यावरच भर दिला. तोड थांबवली, आग लागली की विझवली, आणि आता जंगल आपलं आपण सुखात राहील असं मानलं. तिथेच घोळ झाला.

इथलं मूळचं रान आपल्या सह्याद्रीतल्यासारखं दाट नव्हे. दूर दूर उभे मोठे ओक, त्यांच्यामधून जमिनीपर्यंत पोचणारं ऊन, आणि खाली गवत आणि फुलं. हे असं कशामुळे होतं? आगीमुळे. पोटावाटोमी हे इथले मूळ रहिवासी आणि त्यांच्या आधीचे लोक हजारो वर्षं ही रानं मुद्दाम जाळत. बर ओक नावाचा जो ओक आहे, त्याची साल बोटभर जाड, बुचासारखी. गवताची आग त्याच्या बुंध्याला चाटून निघून जाते, त्याला काही होत नाही. पातळ सालीची झाडं मात्र मरतात. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८३३ च्या तहानंतर त्या लोकांना इथून हुसकावलं गेलं आणि त्यांच्याबरोबर आगही गेली. मग सावली वाढत गेली. आणि ओकचं रोप सावलीत जगत नाही, नंदू. त्यामुळे आज कित्येक रानांत दोन-दोनशे वर्षांचे ओक उभे आहेत, पण त्यांच्या खाली हाताच्या उंचीचं एक पोर नाही. भरल्या वाड्यात फक्त म्हातारी माणसं उरावीत, तसं. बाहेरून बघणाऱ्याला वाडा भक्कमच दिसतो.

आता मी तोडतो त्या झाडाबद्दल. त्याचं नाव बकथॉर्न. आपल्याकडे जशी घाणेरी कुंपणाला म्हणून, शोभेला म्हणून आली आणि डोंगर खाऊन बसली, तसंच हे युरोपातून कुंपणासाठी आणलेलं झाड. मादी झाडाला काळी फळं धरतात, पक्षी ती खातात, त्यांना जुलाब होतात आणि बी रानभर पोचतं. वसंतात सगळ्यांच्या आधी याला पानं फुटतात आणि नोव्हेंबरात सगळं रान उघडं झालं तरी हे आपलं हिरवंच. तुला ऐकायला बरं वाटेल, पण त्या हिरव्यातच खरा त्रास आहे. इथली रानफुलं एप्रिल-मेमधल्या थोड्या उन्हावर वर्षभराचं पोट भरतात, वरच्या झाडांना पानं फुटायच्या आत. बकथॉर्न नेमकं तेवढंच ऊन अडवतं.

पहिल्यांदा मी त्याच्या जाळीत वाकून शिरलो, तो दिवस आठवतो. बाहेर पाचोळा होता, त्यातून हिरवे कोंब डोकावत होते. आत चार पावलांवर उघडी, काळी, ओली माती. गवताची काडी नाही. त्याची पानं भरभर कुजतात, पाचोळ्याचा थरच टिकत नाही. मी तिथं गुडघ्यावर बसून हात फिरवला. अंगणात झाडू मारावा तशी जमीन. वर इतकं हिरवं आणि खाली हे! त्या दिवसानंतर मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

रविवारी सकाळी नऊला आम्ही जमतो. कधी पंधरा, कधी पस्तीस जण. निवृत्त शिक्षिका, कॉलेजातली पोरं, एक परिचारिका जी रात्रपाळी करून थेट येते. प्रत्येक रानाचा एक कारभारी असतो, त्याला इथे स्टुअर्ड म्हणतात. तोही बिनपगारीच. आज कुठल्या पट्ट्यात काम, काय तोडायचं, कशाला हात लावायचा नाही, हे तो आधी दाखवतो. हातात लांब दांड्याची कात्री आणि करवत. यांत्रिक करवत फक्त प्रशिक्षण घेतलेल्यांनी चालवायची. बकथॉर्न कापलं की आतलं लाकूड भगव्या-नारिंगी रंगाचं निघतं, साल खरवडली तरी तोच रंग. दुसरं कुठलं झाड चुकून कापलं जाऊ नये म्हणून नवख्यांना आधी हीच खूण शिकवतात. मी तर अजूनही प्रत्येक खोडाची साल नखानं खरवडून बघतो.

नुसतं कापून भागत नाही. बुंधा तसाच ठेवला तर वसंतात एकाला दहा धुमारे फुटतात. म्हणून कापल्या कापल्या बुंध्याच्या काठावर तणनाशक लावतात. निळा रंग मिसळलेलं, म्हणजे कुठे लावलंय ते दिसतं. लावणाऱ्याकडे परवाना लागतो. विष नको वाटतं, मलाही वाटायचं. पण फवारणी वेगळी आणि बुंध्यावर बोटाएवढा पट्टा लावणं वेगळं, आणि मुळं उपटायला गेलो तर ज्यांना वाचवायचं त्यांच्याच मुळांची वाट लागते. थंडीत जमीन गोठलेली असते, पायाखाली काही चिरडत नाही, म्हणून हे काम हिवाळ्यातच. कापलेल्या फांद्यांचे ढीग करून तिथेच पेटवतात. उणे अकरात त्या शेकोटीभोवती उभं राहून थर्मासमधला चहा पिणं, याच्यापुढे मला दुसरं सुख सुचत नाही.

आणि वणवा? हो, रानही पेटवतात, ठरवून. त्या पथकाचं प्रशिक्षण वेगळं, मी त्यात नाही. पण गेल्या वसंतात लांब उभं राहून पाहिलं. नंदू, मला तुझे आप्पा आठवले. भाताच्या तरव्यासाठी राब भाजायच्या आधी ते वाऱ्याला तोंड देऊन उभे राहायचे, चिमूटभर माती उडवून बघायचे, मग बांध साफ करायचे. इथेही तेच. वारा किती, हवेत ओल किती, धूर कुठल्या रस्त्यावर जाईल, हे सगळं जुळलं तरच काडी लावायची. आधी जाळरेषा, मग वारा ज्या बाजूला जातोय त्या कडेनं पेटवायचं, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट, रांगत रांगत जाते आणि काळा पट्टा तयार होतो. तो पुरेसा रुंद झाला की मगच दुसरी बाजू. पाठीवर पाण्याचे पंप घेतलेली माणसं कडेकडेनं चालत होती. तासाभरात सगळं काळं. मला पोटात कालवल्यासारखं झालं. तीन आठवड्यांनी त्याच जागी गेलो तर त्या काळ्यातून इतकं कोवळं, इतकं दाट हिरवं वर आलं होतं की मी पाऊल टाकायला धजेना.

हे सगळं लोकांना सुचलं कसं, तेही सांगण्यासारखं आहे. १९७७ मध्ये स्टीव्ह पॅकार्ड नावाच्या माणसानं शिकागो नदीच्या उत्तर शाखेकाठच्या रानांत काही स्वयंसेवकांना घेऊन सुरुवात केली. तो वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक नव्हता. त्यांनी बकथॉर्न काढलं, गवताळ माळरानाचं बी टाकलं. पण ओकच्या विरळ सावलीत ते नीट येईना. उघड्या माळावरची फुलं तिथे रुजेनात, दाट जंगलातलीही नाहीत. मग तिथे मुळात काय असायचं? उत्तर मिळालं ते एका जुन्या यादीत. इलिनॉयमधल्या एका खेड्यातल्या मीड नावाच्या डॉक्टरनं आपल्या भागातल्या वनस्पतींची यादी केली होती आणि १८४६ मध्ये एका शेतीविषयक नियतकालिकात ती छापून आली होती. कोणती वनस्पती माळावर, कोणती जंगलात आणि कोणती या विरळ झाडीत, अशी खूण प्रत्येक नावापुढे. त्या यादीतली झाडं मग रेल्वेलाइनच्या कडेला, जुन्या स्मशानांत शोधून त्यांचं बी आणलं आणि ते रुजलं. रुग्ण तपासता तपासता एका माणसानं फुलांची नावं लिहून ठेवली, आणि सव्वाशेहून जास्त वर्षांनी त्या नावांवरून एक रान पुन्हा उभं राहिलं. मला हे आठवलं की गळा दाटून येतो.

पॅकार्ड आणि त्याच्या स्वयंसेवकांच्या सोम प्रेअरी ग्रोव्ह या रानात मी जुलैत एकदा गेलो होतो. तिथे पांढऱ्या झालरीचं एक ऑर्किड आहे, देशभरात दुर्मिळ झालेलं, १९८९ पासून कायद्यानं संरक्षित. रात्री उडणारे मोठे पतंग त्याचं परागण करतात, पण झाडं इतकी थोडी आणि विखुरलेली की पतंगांच्या भरवशावर राहता येत नाही. म्हणून माणसं दात कोरायची काडी घेऊन बसतात. काडी फुलात घातली की तिच्या टोकाला परागाची पिवळी पुडी चिकटून येते, ती दुसऱ्या झाडाच्या फुलात टेकवायची. एक बाई श्वास रोखून हे करत होत्या, मी शेजारी उकिडवा बसून बघत होतो. डास चावत होते, त्यांनी हात हलवला नाही.

सगळ्यांना हे पटतं असं समजू नकोस. १९९० च्या दशकात इथे मोठा वाद पेटला. झाडं का तोडता, आगी का लावता, असं विचारत रहिवासी उभे राहिले आणि १९९६ मध्ये कुक काउंटीत हे काम थांबवलं गेलं. पुढे बंदी टप्प्याटप्प्यानं उठली. त्या लोकांना मी मूर्ख म्हणणार नाही. मागच्याच्या मागच्या डिसेंबरात एक आजी कुत्रा फिरवत आल्या आणि आमच्यासमोर रडायलाच लागल्या. त्यांच्या खिडकीतून वीस वर्षं दिसणारी हिरवी भिंत आम्ही पाडली होती, आता समोरचा रस्ता दिसतो. काय बोलणार? कारभाऱ्यानं काम थांबवून त्यांना आत नेलं, एका म्हाताऱ्या ओकपाशी. बोलणं मला ऐकू आलं नाही. त्या परत जाताना आमच्याशी बोलल्या नाहीत, पण मेमध्ये दोनदा त्याच वाटेवर दिसल्या, खाली वाकून फुलं बघताना. माझं मत विचारशील तर लोकांना आधी सांगणं, दाखवणं हे करवतीइतकंच महत्त्वाचं काम आहे, आणि ते अजून कमी पडतं. २०२२ मध्ये या रानांसाठी जास्त कर द्यायचा का, यावर मतदान झालं तेव्हा दोन तृतीयांशांहून जास्त लोकांनी हो म्हटलं. त्या रात्री मी आनंदानं घरभर फिरत होतो.

तू विचारलंस ना, तोडलेल्या जागी काय लावता? बहुतेक वेळा काहीच लावत नाही, पेरतो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत एकेक जातीचं बी हातानं गोळा करायचं, वाळवायचं, जागेप्रमाणे मिसळायचं आणि हिवाळ्यात फेकायचं. त्यातल्या पुष्कळ बियांना थंडी सोसल्याशिवाय अंकुरच फुटत नाही. आज तेच केलं. बादलीतून मूठ भरायची आणि बर्फावर उधळायची, भात फोकावा तशी. शेजारी एक दहा वर्षांचा मुलगा होता, त्यानं विचारलं, "याचं फूल कधी येईल?" कारभारी म्हणाला, "काहींचं तू कॉलेजात जाशील तेव्हा." पोरगं जरा थांबलं, आणि मग मूठ आणखी मोठी भरून घेतली.

तिथून परतताना दोन वर्षांपूर्वी मोकळा केलेला पट्टा लागतो. तिथे बर्फातून बोटभर काड्या वर आल्यात, टोकाला वाळकी, तपकिरी पानं अजून घट्ट धरून. ओकची रोपं. चौदा मोजली. गेल्या हिवाळ्यात पाच होती.

वहिनींना नमस्कार, आप्पांना साष्टांग. मुलांना आशीर्वाद. आणि मेमध्ये यायचं तू कबूल केलं आहेस, विसरू नकोस.

तुझा,
बाळू

ता. क. सोबत आजचा फोटो आहे. बर्फावर जे तपकिरी ठिपके दिसतात ती घाण नव्हे, बी आहे. उजव्या कोपऱ्यातले मी टाकलेले.