नववीतलं 'म्हणे'

प्रिय ठमे,

सहा महिने झाले, तुझ्या पत्राला उत्तर नाही. काय रागवायचं ते रागव, पण आधी हे वाच. तब्येत ठीक, गुडघा अधूनमधून कुरकुरतो, बाकी सगळे मजेत.

परवा लेकीनं मला खिंडीत गाठलं. ती 'स्पीक' नावाची कादंबरी वाचत होती, लॉरी हॉल्स अँडरसनची, १९९९ सालची. तिचं वाचून झाल्यावर मीही दोन रात्रींत संपवली. मेलिंडा नववीच्या पहिल्या दिवशी शाळेच्या बसमध्ये चढते आणि तिच्याशेजारी कुणी बसत नाही. सुट्टीतल्या पार्टीत हिनं पोलिसांना फोन लावला आणि सगळ्यांच्या मजेवर पाणी पाडलं, एवढंच शाळेला ठाऊक. फोन का लावला, हे कुणी विचारत नाही. त्या रात्री वरच्या वर्गातल्या एका मुलानं तिच्यावर बलात्कार केलेला असतो. फोन लागतो, पण तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. मग वर्षभर जवळजवळ मुकीच. ओठ चावून चावून रक्ताळून घेते.

लेक म्हणाली, "आई, तुमच्या वर्गात होती का गं, जिच्याशी कुणीच बोलत नाही अशी?"

मी म्हटलं, "छे, नाही बाई."

मी कुणाबद्दल लिहितेय, ते तुला कळलं असेलच. खिडकीजवळचा तिसरा बाक. नववीत ती दोन आठवडे आली नाही, आणि परतली तेव्हा तिच्याआधी तिची गोष्ट वर्गात येऊन बसली होती. मी ती नळावर ऐकली आणि तुझ्या कानात सांगितली. प्रत्येक वाक्याला 'म्हणे' लावून. "पळून गेली होती म्हणे." "घरच्यांनी कोंडून ठेवलं म्हणे." एकदा 'म्हणे' जोडलं की मी कुठे काय बोलले, असं वाटायचं. तू फक्त विचारलंस, "तू पाहिलंस?" आणि माझं डोकंच फिरलं. अडीच महिने अबोला! तू बाकावर कर्कटकानं रेघ मारलीस, तीही वाकडी. भूमितीत तुला कधी गुण पडले नाहीत ते उगीच नाही.

तिची पेन्सिल आठवते तुला? मधल्या सुट्टीत एकटी टोक काढत बसायची, आधीच टोकदार असली तरी. सालपटं कंपासपेटीच्या झाकणात जमवायची. एकदा कुणीतरी त्यावर फुंकर मारली, ती सगळी फरशीवर पसरली आणि वर्ग हसला. ती खाली बसून एकेक वेचायला लागली. तू उठून तिच्याशेजारी वाकलीस. मी जागची हलले नाही. तुझा राग धरून बसले होते, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पण ते खरं नाही गं. वाकले असते तर उद्या माझ्याशीही कुणी बोललं नसतं, ही भीती होती.

म्हणून पुस्तकात मला टोचली ती रेचल. मेलिंडाची जुनी जिवलग, इतरांबरोबर तीही पाठ फिरवते. पुढे दोघी वाचनालयात वहीत लिहून बोलतात. त्या रात्री काय घडलं, ते मेलिंडा अखेर लिहून दाखवते, आणि रेचल तिलाच खोटारडी ठरवते. ते पान मी तीनदा वाचलं. रेचलला निदान सांगितलं तरी गेलं. मी कधी विचारलंच नाही. आजारी होती? घरात कुणी गेलं होतं? की त्याहून वाईट काही? आजतागायत मला माहीत नाही.

आता दुसरा घोर लागलाय. लेकीनं हे का विचारलं? दोन दिवस मी तिचे ओठ न्याहाळतेय. मोबाइल उशीखाली पालथा असतो. विचारलं की "काही नाही". हिला कुणी छळत असेल या विचारानं पोटात गोळा येतो. पण हिनंच कुणाला 'म्हणे' लावलं असेल तर? ही भीती तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

मेलिंडा शाळेतल्या स्वच्छतागृहाच्या भिंतीवर त्या मुलाचं नाव लिहिते, सांभाळून राहा म्हणून. काही दिवसांनी बघते तर खाली इतर मुलींच्या ओळींवर ओळी. तिथे मात्र मला रडू आवरेना. आपल्या वर्गात तू वाकलीस, आणि तुझ्यामागे एकही जण वाकली नाही.

लेकीला मी खरं सांगणार आहे, रविवारी, ती निवांत असेल तेव्हा. 'होती' म्हणून सांगेन, आणि मी काय केलं तेही. तुझ्याकडे नववीचा वर्गाचा फोटो असेल ना? माझा केव्हाच हरवला. ती मागच्या रांगेत आहे, कुणाच्या तरी खांद्याआड अर्धी झाकलेली. तिचं आडनावही आठवत नाही मला. तुला आठवतं? रविवारच्या आत कळव.

तुझीच,
रेघेपलीकडची

ता. क. नव्या नोकरीचं अभिनंदन राहूनच गेलं! आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? धाकट्याच्या निकालाचंही लिही.